मामा कुणालाच 'जेवलात का' विचारत नाहीत

गेल्या रविवारी परभणीजवळच्या आमच्या झरीच्या शाळेत आमच्या वाचनकट्ट्याचा कार्यक्रम झाला. दर महिन्याला एक विषय घेतो, या वेळचा होता दुष्काळाच्या आठवणी... तोही निजामाच्या काळातला. ते दिवस पाहिलेली माणसं आता गावात बोटांवर मोजण्याइतकी उरलीत. त्यातले एक माझे सासरे.

मी त्यांना मामा म्हणते. नव्वदी कधीच पार झाली, कान अजून शाबूत, बोलणं मात्र पहिल्यापासून कमी. "मला कुठं वाचता येतंय" म्हणून यायलाच तयार नव्हते. नुसतं ऐकायला चला म्हटलं, तेव्हा कुठे फेटा बांधला.

इथे एक जुनी गोष्ट सांगायला हवी. माझं माहेर नाशिकचं. लग्नानंतर वडील मला पहिल्यांदा भेटायला आले ते भर दुपारी. मामांनी त्यांना 'जेवलात का' असं विचारलंसुद्धा नाही. हातपाय धुवायला पाणी दिलं, पाट मांडला आणि मला म्हणाले, "वाढ." वडील परभणीला जेवून आले होते, तरी बिचारे मुकाट्याने भाकरी खात राहिले...

जाताना स्टँडवर मला म्हणाले, माणूस सरळ असेल गं, पण बोलायची रीत नाही. मला ते फार लागलं. पुढे लक्षात आलं की मामा कुणालाच विचारत नाहीत. मलाही नाही, इतक्या वर्षांत एकदाही नाही. मनात अढी बसली ती बसलीच.

तर कार्यक्रमात शाळेच्या बाईंनी गावात ऐकलेल्या आठवणींवरून लिहिलेली काही पानं वाचली. पाऊस गेलेला, विहिरींना तळ लागलेला, घरात होती नव्हती ती ज्वारी सरकारी लेव्हीत, सक्तीच्या धान्यवसुलीत गेलेली. एका पानात एक पाहुणी येते आणि घरची बाई तिला विचारते, जेवलीस का...

"न्हाई. आसं इचारत नव्हते."

आवाज मागून आला, आणि तो मामांचा होता. मी चमकलेच.

बाईंनी पान बाजूला ठेवलं आणि सांगा म्हणाल्या. मामांनी बसल्या जागेवरून सांगितलं. ते तेव्हा सात-आठ वर्षांचे असतील. चूल थंडच होती. भर दुपारी त्यांची मावशी छोट्या लेकीला घेऊन जिंतूरकडच्या कुठल्याशा खेड्यातून पायी आली. आईच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, जेवलीस का. मावशीनं चुलीकडे पाहिलं आणि म्हणाली, व्हय, खाऊनच निघालो.

तिची पोर लगेच म्हणाली, "माय, कवा खाल्लं आपुन?"

 

मग मामा म्हणाले, "मायनं दोघींला पाणी दिलं. दुसरं काय नव्हतंच. त्या गेल्यावर आमाला मनली, आजपासून कुणाला जेवला का म्हून इचारायचं न्हाई. आसंल तर पुढ्यात वाढायचं. नसंल तर माणसाला खोटं बोलायला लावायचं न्हाई."

बाईंनी पुढचं पान वाचलंच नाही. मला सारखे वडील दिसत होते, पाटावर बसून भरल्या पोटी भाकरी मोडणारे. ते जाऊनही आता बरीच वर्षं झाली. हे त्यांना कळायला हवं होतं... त्यांनीच मग सगळ्या नाशिकला सांगितलं असतं. खूप वाईट वाटलं, आणि मामांवरचा इतक्या वर्षांचा राग कुठे गेला ते कळलंही नाही.

नंतर सगळ्यांसाठी पिठलं-भाकरी होती. मी वाढायच्या गडबडीत, मामा एका कोपऱ्यात खुर्चीवर. जवळ गेले आणि सवयीनं तोंडातून निघालंच, "मामा, जेव..."

तिथेच थांबले. मागे फिरले, ताट वाढून आणलं आणि त्यांच्या पुढ्यात ठेवलं.

त्यांनी ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. शेजारची खुर्ची पायानं माझ्याकडे सरकवली, अर्धी भाकरी मोडली, तिच्यावर पिठलं घातलं आणि माझ्या हातावर ठेवली. विचारलं काहीच नाही.

मी सकाळपासून उपाशीच होते.