मी आईला अकुशल लिहिलं

शेलूबाजारच्या थोडं पुढे, हायवेला लागून एक हॉटेल आहे. पाटीवर 'फॅमिली रेस्टॉरंट' असं आहे, पण जीपवाले त्याला भाकरीचं हॉटेल म्हणतात. ती भाकर माझी आई करते. ती आणि आणखी दोघी, मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, तीन चुलींवर. बी.कॉम. झाल्यावर मी त्याच हॉटेलच्या काउंटरला बसायला लागले. आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. हे मी कुणी विचारायच्या आधीच सांगते, म्हणून इथेही सांगून टाकलं.

मालक मनाचा वाईट नव्हता. त्याची फक्त एक पद्धत होती. गिऱ्हाईक जेवून उठताना बडीशेपीच्या ताटलीत दहा-वीस रुपये ठेवायचं. वेटर ताटली काउंटरवर आणायचा. मालक बडीशेप झटकून नोटा काढायचा आणि बिस्किटाच्या डब्यात टाकायचा. महिना भरला की त्याच डब्यातून सगळ्यांचा पगार, कमी पडलं तर गल्ल्यातून भर. म्हणजे पगार बराचसा गिऱ्हाईकच देत होतं, पण आपण देतो असं मालकाला मनापासून वाटायचं.

अशात खबर आली की कामगार ऑफिसचे साहेब हॉटेलांची रजिस्टरं पाहत फिरताहेत. मालकाने माझ्यापुढे कोरं रजिस्टर टाकलं.

"तू ग्रॅज्युएट हायेस ना? भरून टाक."

दहावीपासून आमच्या वस्तीतला जयंतीच्या वर्गणीचा हिशोब माझ्याकडे आहे, तेव्हा रजिस्टरला मी काय भिणार. किमान वेतनाचं दरपत्रक मोबाइलवर शोधलं, झेरॉक्सवाल्याकडून छापून आणलं, तीनदा वाचलं. मग मालकाला म्हटलं, "भाऊ, डब्यातला पैसा पगारात धरता येत नाही. किमान पगार तुमी पुरा द्यायचा. टीप त्याच्या वर."

"कायची वर? टेबल माह्यं, ताटली माही, बडीशेप माही."

"नोट गिऱ्हाइकाची हाय ना."

"बराबर बोलून राह्यल्या मॅडम," वेटर म्हणाला. पन्नाशीचा माणूस, खांद्यावर कायम टॉवेल. कालपर्यंत तो मला 'ए पोरी' म्हणत होता.

"तू फडकं मार," मालक त्याला म्हणाला. पण साहेबांची भीती मोठी. दोन दिवस कुरकुर करून तो तयार झाला. पगार गल्ल्यातून, दरपत्रकाप्रमाणे. टीप कामगारांची. बिस्किटाच्या डब्यात परत बिस्किटं आली.

मी चार दिवस हवेत होते. त्याच हवेत रजिस्टर भरलं. कामगारांचे तीन प्रकार असतात, कुशल, अर्धकुशल, अकुशल, आणि पगार त्या उतरंडीने. तंदूरवाला कुशल. वेटर अर्धकुशल.

"अन् मागच्या तिघी?" मी विचारलं.

"मदतनीस लिही," मालक म्हणाला.

मी लिहिलं. मदतनीस, अकुशल. तीन वेळा, वळणदार अक्षरात. त्यातलं पहिलं नाव माझ्या आईचं. नियमाप्रमाणे यादी आणि दरपत्रक भिंतीला लावलंसुद्धा.

आई चौथी शिकलेली आहे. पिठाचे हात तसेच घेऊन ती भिंतीसमोर उभी राहिली आणि बोट न लावता एकेक ओळ वाचत गेली.

"अकुशल म्हंजे काय वं?"

"ज्या कामाले शिकाव लागत नाही, ते," मी पेपरात उत्तर लिहावं तसं सांगितलं.

"अन् तंदूरवाला?"

"तो कुशल."

"त्याचा नान भट्टीच पकडून ठेवते. माही भाकर कोण पकडते?"

एवढं विचारून ती आत गेली. मला वाटलं मिटलं.

बाजाराच्या दिवशी भर दुपारी, सगळी टेबलं भरलेली असताना, आतून भाकर यायची थांबली. मालक शेडकडे धावला, त्याच्या मागे मी. तिघी हात धुऊन बाजेवर बसल्या होत्या. चुली धगधगत होत्या, परातीत पीठ मळून तयार.

"काय झालं मावशी?" मालकाने आईला विचारलं.

"काई नाई जी. शिकाव लागत नाही असं काम हाय म्हंते तुमचं रजिस्टर. म्हटलं आज तुमीच करा. आमी अकुशल माणसं, आमाले बसता तं येते."

मालक खरंच बसला. "मायले पाहून मोठा झालो मी," म्हणत त्याने गोळा घेतला. पहिली भाकर कडेने फाटली. दुसरी परातीला चिकटली. तिसरी उचलली तेव्हा अर्धी हातात आली, अर्धी खालीच राहिली. बाजेवरच्या दोघींनी पदर तोंडाला लावला.

"ग्रॅज्युएटबाई, तू बस."

"तिले काहून बसवता?" आई म्हणाली. "तिले म्या चुलीजवळ येऊच नाही देल्लं. पुस्तकाजवळ बसवलं."

तरी मी बसले. माझी भाकर तव्यापर्यंत पोचली, हे कबूल करायला पाहिजे. एका बाजूने काळी झाली, दुसऱ्या बाजूने पीठच राहिली. दुसरी नव्हतीच, म्हणून वेटरने तीच एका जीपवाल्याच्या ताटात टाकली. बाहेरून आवाज आला, "काय बे, हे भाकर हाय का पंक्चरचा पॅच?"

कोपरापर्यंत पीठ लागलेल्या मालकाने हात टेकले. "लिही बाप्पा. मावशी कुशल."

आई उठली, चुलीजवळ बसली, तिच्यापाठोपाठ दोघीही बसल्या, आणि भाकरी फुगायला लागल्या. मी दरपत्रक पुन्हा काढलं. 'स्वयंपाकी' हा शब्द कुशलच्या रकान्यात होता. पहिल्यापासून होता. तीन वाचनांत मी फक्त टीप शोधली होती, आईला शोधलं नव्हतं.

जीपवाला चांगली भाकर खाऊन सरळ शेडमध्येच आला, हातात वीसची नोट. वेटरने सवयीने ताटली पुढे केली.

"तुले नाई. भाकरीले देऊन राह्यलो."

मालकाचाही हात सवयीने वर गेला होता. मध्येच त्याने त्याच हाताने कान खाजवला.

गर्दी ओसरल्यावर मी खाडाखोड करून 'कुशल' लिहिलं आणि रजिस्टर सहीसाठी आईपुढे धरलं.

"वाच," ती म्हणाली. मी तिची ओळ वाचली.

"अन् ह्या दोघी?"

"मालकानं तुलेच म्हटलं ना."

"मंग मी एकटीच भाकरी करतो का?" तिने पेनाला टोपण लावलं आणि पेन रजिस्टरवर ठेवून दिलं.

मी मालकाकडे गेले. तो नखांतलं वाळलेलं पीठ काढत होता.

"तिघीयले?"

"तिघीयले."

"तीन भाकरी केल्या लेकाच्या, केवढ्यात पडल्या मले."

"बाजार पुढच्या आठवड्यातबी भरते, भाऊ."

त्याने माझ्याकडे पाहिलं, पेन हिसकलं आणि दोन्ही ओळींतल्या 'अकुशल'मधल्या 'अ'वर स्वतःच काट मारली.

मग आईने सही केली, अक्षराला अक्षर जोडत. दुसरीनेही केली. तिसरीला सही येत नाही. मी शाईचं पॅड शोधेपर्यंत तिने 'कुशल'समोर पिठाचा अंगठा उठवून दिला. तो वाळून झडून गेला, म्हणून शाईचा पुन्हा घ्यावा लागला.