मे महिन्यातलं पोहणं

आमच्या मामेसासऱ्यांना गंगापूर धरणाचा जितका अभिमान आहे, तितका ते बांधणाऱ्या इंजिनिअरलाही नसेल. चित्रकलेच्या मास्तरकीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी नाशकातला फ्लॅट विकला, पाण्याकाठी छोटं घर बांधलं आणि तेव्हापासून ते सगळं पाणी स्वतःचं असल्यासारखे वागू लागले. पेपरातला धरणसाठा त्यांना रोज तोंडपाठ. मामींची तब्येत विचारली तर म्हणणार, "काल एकाहत्तर टक्के होती, आज सकाळपासून आवक चांगली आहे." पाहुण्याने पाण्याकडे पाठ करून बसणं म्हणजे घोर अपमान, म्हणून सगळ्या खुर्च्या एका रांगेत, पाण्याकडे तोंड करून. माझ्या लग्नाची बोलणी तिथेच झाली. दोन्हीकडची अकरा माणसं थिएटरात बसल्यासारखी समोर बघत बोलत होती. लग्न ठरेपर्यंत मी नवऱ्याचा फक्त डावा कान पाहिला होता. कान बरा होता.

यंदा त्यांची सहा वर्षांची नात बंगळुरूहून पहिल्यांदाच तिथे राहायला येणार होती. दोन वर्षं मामा तिला व्हिडिओ कॉलवर पाणी दाखवत "तुला दारातून बोटीत बसवतो" म्हणत होते. पण तिला सुट्टी मेमध्ये, आणि मेमध्ये पाणी पार लांब जातं. मामांची झोप उडाली. "पहिल्यांदा येतेय गं पोर, आणि मी तिला चिखल दाखवू?" मला खरंच वाईट वाटलं.

नात आली. मामांनी आयुष्यात पहिल्यांदाच एक खुर्ची उलटी फिरवली आणि तिला भिंतीकडे तोंड करून बसवलं. ती दोन मिनिटं बसली आणि मग थेट उघड्या पडलेल्या पात्रात धावत सुटली. मामा मागे. "अगं थांब, तिथे वीस फूट पाणी असतं!"

ती थबकली. वर आभाळाकडे बघत म्हणाली, "म्हणजे आजोबा, आपण आत्ता पाण्याखाली आहोत?" आणि हात मारत पोहायलाच लागली. मामा क्षणभर गोंधळले, मग गाल फुगवून, श्वास कोंडून तेही तिच्यामागे हात मारत निघाले. म्हशी चारणारा एक म्हातारा लांबून ओरडला, "मास्तर, पानी लय खोल हाय का?"

"डोक्यावरून चाललंय!" मामा ओरडले. नंतर आठ दिवस रोज संध्याकाळी दोघं पोहत होते. एकदा मामी आणि मीही पोहून आलो.

ऑगस्टमध्ये आम्ही पुन्हा गेलो, तेव्हा धरण भरून पाणी कुंपणापर्यंत आलं होतं. आता मामांचं कौतुकपुराण सुरू होणार म्हणून मी चहाचा कप घेऊन सावरून बसले. पण मामी आत गेल्यावर मामा हळूच म्हणाले, "सूनबाई, हे पाणी उतरायला अजून किती महिने लागतील गं?"