ऑरेंज अलर्ट आणि रुखवताच्या कुरड्या

आमच्या घरी हवामानाचे अलर्ट समजावून सांगण्याचं काम माझ्याकडे होतं. कोणी दिलेलं नव्हतं, मीच घेतलं होतं. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता हयगय नको. आई ऐकून घ्यायची आणि हातातलं काम सोडायची नाही.

त्या एप्रिलात धाकट्या बहिणीचं लग्न तोंडावर आलं होतं आणि रुखवतात मांडायच्या कुरड्या अजून व्हायच्या होत्या. पहाटे गव्हाचा चीक शिजला आणि नेमका मोबाइलवर ऑरेंज अलर्ट आला. यवतमाळ जिल्ह्यात तुरळक ठिकाणी विजांच्या कडकडाटासह पाऊस, सोसाट्याचा वारा.

"तयारीत राहा म्हणतात," मी म्हटलं.

"मी तयारच आहो. चीक आंबला त तुया हवामानवाला भरून देईन का?"

मग तिनं आमच्याच जिल्ह्यातल्या दारव्ह्याच्या मावशीला फोन लावला. तिकडे पाऊस झोडपत होता. आईचा चेहरा उजळला. "घे! तुरळक ठिकाणी म्हनते ना? तिकडं पडून राह्यला. आता इकडं कायले येते?"

"आई, पाऊस म्हणजे काय रेशनचं धान्य आहे, एका ठिकाणी वाटलं की संपलं?" माझा पारा चढला. "तुरळक म्हणजे जिल्ह्यात कुठेही!" तोवर ती सोऱ्या घेऊन स्लॅबवर पोचली होती.

दुपारी आभाळ काळंभोर झालं. वीज कडाडली, स्लॅबवर खाटेवर अंथरलेली साडी कुरड्यांसकट उडायला लागली आणि आई जिन्याकडे धावली. मी तिचा पदर धरून अक्षरशः लोंबकळले. खरंच घाबरले होते मी. कुरड्या गेल्या तर गेल्या, पण वर विजा नाचत होत्या.

"सोड! रुखवतात काय मांडू, तुयं डोस्कं?"

मी सोडलं नाही. वर कुरड्यांचा पुन्हा चीक झाला. आई जिन्यातच बसून रडली. तिला बघून मलाही रडू आलं.

पाऊस ओसरला तसा मावशीचा फोन आला. मी स्पीकर लावला. "तिकडं पडला का वं? बरं झालं! इकडं ऊन निघालं. भाचीसाठी मीनंबी कुरड्या टाकल्या. आता काही इकडं येत नाही." शेवटी बहिणीच त्या.

आईनं डोळे पुसले आणि फोन हिसकावला. "अवं, उचल त्या पयले! ऑरेंज रातपर्यंत आहे. पाऊस काय रेशन आहे का, एका जागी वाटलं का सरलं?"

मावशीनं उचलल्या. संध्याकाळी दारव्ह्याला पुन्हा झोडपलं. लग्नात रुखवताच्या मधोमध मावशीच्या कुरड्या होत्या आणि त्या आपण कशा वाचवल्या हे आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती.

आता आमच्या घरी अलर्ट तीच समजावून सांगते. मलासुद्धा.