रानमांजराचा आकडा

माझ्या नवऱ्याच्या रिव्हॉल्व्हरला शेपूट होतं. इंग्लंडमध्ये साधं रिव्हॉल्व्हर घरात ठेवायला बंदी आहे, पण नळी फूटभर लांब असेल आणि मुठीतून मागे लोखंडी दांडा काढून एकूण लांबी वाढवली असेल, तर त्याच वस्तूला पोलीस सर्टिफिकेट देतात. हे म्हणायचे, "खिशात मावू नये म्हणून सरकारने शेपूट लावलंय." इतकी वर्षं ब्रिस्टलमध्ये काढली, तरी मी नवऱ्याला 'हे'च म्हणते. ती सवय काही जायची नाही.

नुसत्या रिव्हॉल्व्हरवर भागलं असतं तर मी एवढी वैतागले नसते. यांना त्यातलं काडतूसही स्वतःचं हवं होतं. एका जातीच्या काडतुसाचं पितळी टरफल घ्यायचं, त्याचा गळा आवळायचा आणि त्यात दुसऱ्याच जातीची बारीक गोळी बसवायची. ते कुठल्या कारखान्यात बनत नाही आणि कुठल्या दुकानात मिळत नाही. असल्या घरगुती काडतुसाला नेमबाज लोक वाइल्डकॅट म्हणतात. मी रानमांजर म्हणायला लागले आणि घरात तेच नाव पडलं.

बंदूक स्वतः घडवायची परवानगी नसते, म्हणून शहराबाहेरच्या खेड्यातला एक परवानाधारक बंदूक कारागीर ते काम करत होता. गोरा, म्हातारा, मोठ्या आवाजाचा. यांनी विमानाच्या इंजिनांच्या कारखान्यात जन्मभर डिझाइनचं काम केलेलं, त्यामुळे शनिवारी तिथे गेले की दोघांची जुंपायची. काडतुसं बसतात तो फिरता सिलिंडर एवढा जाड हवा की तेवढा, यावर दोन तास. मी गाडीत थर्मासमधला चहा पीत बसायची. मला त्या वस्तूत काडीचा रस नव्हता, पण हे खूश असले की परतताना गाडीत शीळ वाजवायचे, आणि ती ऐकायला मला आवडायचं.

पुस्तकात नसलेल्या काडतुसात दारू किती भरायची, हेही कुणी सांगू शकत नाही. ते आपणच हळूहळू शोधायचं. कमी पडली तर गोळी नळीतच अडकते. जास्त झाली तर सिलिंडर फुटतो, आणि फुटतो तेव्हा तो आपल्याच तोंडासमोर असतो. यांनी महिनोन् महिने नेमबाजीच्या रेंजवर घालवून तो आकडा काढला. कारागीर म्हणाला, "लिहून ठेव." हे हसले. घरी येताना मला म्हणाले, "अगं, जन्मभर तीन सह्या झाल्याशिवाय स्क्रू फिरवला नाही मी. एक गोष्ट तरी नुसती डोक्यात ठेवू दे की!"

मग गॅरेजमध्ये बारक्या तराजूवर दारू तोलताना ते तो आकडा पुटपुटायचे, शुभंकरोती म्हणावी तसा. मी शेजारी वॉशिंग मशीनमधून कपडे काढत असायची. मी भूल देणारी डॉक्टर. औषधांचे डोस पाठ करण्यात माझं आयुष्य गेलं. तो आकडा मला कधी पाठ झाला, कळलंही नाही.

दसऱ्याला आमच्याकडे शस्त्रपूजा होते. पाटावर यांचा मायक्रोमीटर, माझा स्टेथोस्कोप आणि त्या वर्षी पहिल्यांदाच ते शेपटीचं रिव्हॉल्व्हर. हळदकुंकू, झेंडू, सगळं झालं. रिकामं होतं, यांनी दोनदा पाहिलं. पूजा झाली की लगेच लोखंडी कपाटात, असा नियम यांनीच घातला होता. त्यानंतर आम्ही मंडळाच्या हॉलवर सोनं वाटायला गेलो. आपटा इथे कुठला मिळायला? सोनेरी कागदाची पानं कापून नेतो. परत आलो तर पुढच्या खोलीचे पडदे सताड उघडे, दिवा चालू, आणि पाटावर झेंडूची फुलं घातलेलं रिव्हॉल्व्हर रस्त्यावरून दिसत होतं. हे दारात थांबून बघत राहिले आणि चिडून म्हणाले, "कोणी काढलं हे बाहेर?"

तोपर्यंत चहात दोनदा साखर पडायची, नेहमीचं वळण चुकायचं. वय झालं, असं मी म्हणत होते. डॉक्टर असले तरी आपल्या नवऱ्याचं निदान कोण करतं? त्या दिवशी मात्र ते आपोआप झालं. मेमरी क्लिनिकचं नाव काढलं तर हे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

नंतरच्या एका दुपारी मी कपडे काढत होते. तराजूचा आवाज थांबला. यांनी मान न वळवता विचारलं, "किती गं?"

डाळीला पाणी किती घालू, असं विचारावं तितक्या सहज. आणि मीही तितक्याच सहज आकडा सांगितला. यांचे खांदे सैल झाले, काम पुढे सुरू झालं. मी ओली चादर हातात धरून तशीच उभी राहिले. काय करून बसले, ते मला तेव्हा कळलं.

त्यानंतर दर वेळी तेच. "किती गं?" आणि मी सांगायची. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. आकडा सांगावा तर यांचं नेमबाजीचं दुकान माझ्या जिवावर चालणार, आणि उद्या माझा आकडा ऐकूनही यांनी दारू दोनदा ओतली तर? न सांगावा तर हे अंदाजाने भरणार, आणि तो सिलिंडर यांच्या तोंडासमोर. पोलिसांना कळवावं तर ते एका दिवसात सगळं उचलून नेतील, आणि बायकोनेच चुगली केली, ते मात्र हे कधी विसरणार नाहीत. बाकी सगळं विसरतील, एवढंच लक्षात ठेवतील, याची मला खात्री होती. मी घरातून बाहेर पडेनाशी झाले. मुलगी एडिनबराहून म्हणायची, "आई, ये ना चार दिवस." मी म्हणायची, इथे काम आहे. काम काय, तर आकडा सांगणं. मला यांचा राग यायचा, त्या म्हाताऱ्या कारागिराचा यायचा, आणि माझ्या पाठांतराचा सगळ्यात जास्त.

सर्टिफिकेटच्या नूतनीकरणाची वेळ आली. पोलिसांकडून एक बाई घरी आल्या, तरुण, बोलायला गोड. कपाट पाहिलं, नंबर पडताळले, आमच्या चिवड्याचं कौतुक केलं. मग सर्टिफिकेटवर बोट ठेवून म्हणाल्या, या काडतुसाचं नाव त्यांनी कधी ऐकलेलं नाही. यांची कळी खुलली. टरफल, गळा, गोळी, सगळं फाडफाड इंग्रजीत सांगितलं, एक शब्द चुकला नाही. बाई मनापासून ऐकत होत्या. त्यांनी सहज विचारलं, "मग दारू किती भरायची, हे कसं कळतं?"

"इट्स ऑल इन हिअर," म्हणत यांनी कपाळावर बोट टेकवलं. आणि बोट तिथेच राहिलं.

मग यांनी माझ्याकडे वळून मराठीत विचारलं, "किती गं?"

आकडा माझ्या जिभेवर होता. सांगितला असता तर बाई हसल्या असत्या, नवरा-बायको मिळून छंद करतात म्हणाल्या असत्या, सही करून गेल्या असत्या. यांच्या डोळ्यांत तोच विश्वास होता, दर वेळचा.

"मला नाही माहीत," मी म्हणाले. आणि बाईंना कळावं म्हणून इंग्रजीतही म्हणाले.

यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मला आकडा येतो, ते यांना माहीत होतं. तेवढी आठवण शाबूत होती. मग ते उठले, पँटच्या खिशातून कपाटाच्या किल्ल्या काढल्या आणि बाईंसमोर टेबलावर ठेवल्या. "शी इज राइट," एवढंच म्हणाले. डॉक्टरांचा रिपोर्ट येईपर्यंत सगळं कारागिराकडे ठेवायचं ठरलं. तो आपली व्हॅन घेऊन आला, यांच्या खांद्यावर थोपटून गेला. व्हॅन वळेपर्यंत हे फाटकाशी उभे होते.

आता रिपोर्टही आला आणि पुढचंही सगळं आलं. काडतूस, कारागीर, रेंज, यातलं यांना काही आठवत नाही. गॅरेजमध्ये तराजूही नाही. पण मी वॉशिंग मशीनमधून कपडे काढायला लागले की हे खुर्ची ओढून शेजारी बसतात आणि मध्येच विचारतात, "किती गं?" कशाबद्दल, ते त्यांनाही सांगता येत नाही.

आता मी सांगते. यांचे खांदे सैल होतात.