वासराएवढा कोल्हा

लंडनच्या स्टॅनमोरमध्ये आमच्या शेजारी एक मेनोनाइट ख्रिस्ती आजोबा राहतात. मूळचे कॅनडाचे, वय ऐंशीच्या पुढे. त्यांचा पंथ असा, की लढाईला जायचं नाही, वैर धरायचं नाही, खोटं बोलायचं नाही. इथे त्यांची माणसं इतकी थोडी, की सगळा पंथ आमच्या सोफ्यावर मावेल आणि वर मला आडवं व्हायला जागा उरेल. माझ्या कहाण्यांतून मात्र खरं निवडायला चाळणी लागते, असं बायको म्हणते.

तर मार्चमध्ये एका सकाळी ऑफिसच्या घाईत मी गाडी रिव्हर्स घेतली, ती थेट त्यांच्या रुबार्बच्या वाफ्यावर. लाल, आंबट देठांचा तो वाफा त्यांच्या दिवंगत पत्नीने लावलेला. संध्याकाळी आजोबा कुंपणाशी उभे.

"कुणी केलं, काही पाहिलंत का?"

माझ्या तोंडून कोल्हाच बाहेर पडला. कोल्हे आमच्या गल्लीत रोजचेच, पण हा वासराएवढा! बरोबर दोन चेले. तिघांनी वाफ्यावर फेर धरला, मी हाकललं तेव्हा मला दात दाखवले.

"देवाशपथ सांगतो!"

"शपथ नको," आजोबा म्हणाले. "आमच्यात शपथ घेत नाहीत. हो म्हणजे हो, नाही म्हणजे नाही. कोल्हा होता?"

शपथा मी शंभर घेतल्या असत्या. तो नुसता 'हो' मात्र माशाच्या काट्यासारखा घशात अडकला. ढकलला कसाबसा.

घरात बायको म्हणाली, "अरे, तुझ्या कोल्ह्याला टायर होते का? ठसे उमटलेत वाफ्यात."

तीन आठवडे आजोबांनी विषय काढला नाही. मग ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी सकाळी दारात हजर, टोपी हातात.

"माफी मागायला आलोय."

"कसली?"

"आज आमचं प्रभुभोजन, येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण. कुणाबद्दल मनात काही असेल, तर ते मिटवल्याशिवाय त्या भाकरीला हात लावायचा नाही, अशी आमची रीत. मला टायरचे ठसे दिसले होते. तुम्ही 'हो' म्हणालात, तरी मी तुमच्यावर संशय घेत राहिलो. मला क्षमा करा."

मी आयुष्यात बऱ्याच थापा पचवल्यात. पण ज्याचा वाफा चिरडला, त्यानेच माझी माफी मागावी? 'केली क्षमा' म्हटलं असतं, तर आजोबा माझ्या खोट्यावर विसंबून पवित्र जेवायला बसले असते. पुन्हा कुंपणाशी कोणत्या तोंडाने उभा राहणार होतो मी? मागे बायको चहाचा कप घेऊन उभी. तिची नजर पाठीला चटके देत होती.

"कोल्हा नव्हता," मी म्हणालो. "गाडी होती. माझी."

आजोबांनी हातातली टोपी एकदा फिरवली.

"आणि ते दोन चेले?"

"तेही नव्हते."

"अरेरे. ते मला आवडले होते." मग म्हणाले, "संध्याकाळी मोकळे आहात? येशूने शिष्यांचे धुतले, तसे जेवणाआधी आम्ही एकमेकांचे पाय धुतो. मला जोडीदार हवाय."

गेलो. एका घराची बैठकीची खोली, दहाएक माणसं, वाद्य एकही नाही, आणि गळे असे की चार सुरांत गायला लागल्यावर खिडक्यांनीही ठेका धरला. माझे पाय याआधी लग्नात सासऱ्यांनी धुतले होते. ते अजून पस्तावतात. आजोबा खाली बसले तेव्हा त्यांचे गुडघे दिवाळीसारखे वाजले. माझा पाय परातीत धरून त्यांनी विचारलं,

"पाणी बरं आहे ना?"

एरवी मी म्हटलं असतं, वा, असं पाणी तर राजेरजवाड्यांच्याही नशिबी नसेल!

"नाही," मी म्हणालो. "गार आहे."

आजोबांचा चेहरा असा उजळला, की जणू मी त्यांना नवा वाफाच लावून दिलाय. गुडघ्यांचे उरलेले फटाके वाजवत ते किटली आणायला उठले.