कुत्रं ज्याच्यावर भुंकलं

शिंगाडेवाल्या मावशीनं मला वाचवलं, हे आधी लिहितो. नववीत शाळा सोडून मी सोलापूरहून मध्य प्रदेशातल्या बालाघाटला दुकानात कामाला आलो आणि भाड्याची खोली शोधत होतो. एका माणसानं कुलूप उघडून खोली दाखवली. "ॲडव्हान्स आत्ताच दे, दुसरं गिऱ्हाईक येतंय," म्हणाला. घरून आणलेले सगळे पैसे मी काढणार, तोच समोरच्या झाडाखालून मावशीनं हाक मारली.

ती चाकू वापरत नाही. नखं काळी पडली तरी अंगठ्यानंच शिंगाडे सोलते. तिच्या पायाशी गल्लीतलं कुत्रं त्या माणसावर भुंकत होतं.

"बाबू, हे त्याच्यावर काहून भुंकून राह्यलं? घरमालकावर भुंकते काय कधी? शेजारी विचार ना!"

मी शेजारचं दार वाजवलं. शेजाऱ्यांनी सांगितलं, खरे मालक रायपूरला होते. ह्याला किल्ली रंगकामापुरती दिलेली. वळून पाहिलं तर तो पसार!

मी हात जोडले. "हौ हौ, शिंगाडे घे आता," ती हसली.

तिला हे कुत्र्यावरून कळलं की माझ्या घाबऱ्या तोंडावरून, अजून कळत नाही. पण कधीतरी माझं स्वतःचं घर होईल. त्या दिवशी मावशीला आत बसवून शिंगाडे मी सोलून देणार.