जिथं म्हणलात, तिथंच म्हणा

खडकवस्तीच्या शाळेत मी नऊ वर्षं होते. तलवाड्यापासून तीन किलोमीटर आत, माळावर जिल्हा परिषदेची दोन खोल्यांची शाळा. समोर हापसा आणि जनावरांसाठी बांधलेला सिमेंटचा हौद. गेवराईहून एसटीनं तलवाड्याला उतरायचं आणि पुढं पायी. वाटेत एकच लिंब लागायचा, त्याखाली पाच मिनिटं टेकायचं. या सगळ्याला आता सतरा वर्षं होत आली. नंतर मोठ्या शाळा मिळाल्या, पंखे असलेले वर्ग मिळाले. तरी मागून कुणी "बाई" अशी हाक मारली, की मला आधी कडूबाईच आठवतात.

कडूबाई मेंढपाळांच्या घरातल्या. माहेर दिंद्रुडकडचं. आधीची दोन भावंडं जन्मताच गेली होती, म्हणून ही तरी जगावी यासाठी आईनं नाव कडू ठेवलं. हे त्यांनीच मला पुढं कधीतरी हसत सांगितलं होतं. "कडू लागलं तर मरण थुकून टाकील, आसं वाटलं आसंल आईला," म्हणाल्या. लग्न होऊन खडकवस्तीला आल्या तेव्हा घरात सव्वाशे मेंढ्या होत्या. शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं, पण सव्वाशेतली कुठली मेंढी आज कमी खातेय, हे त्यांना मेंढ्यांच्या वाड्याच्या दारातूनच कळायचं. नवरा बिभीषण, अबोल माणूस, दिवसभर कळपामागं. एकुलती मुलगी संगीता, माझ्याकडं तिसरीत.

संगीतानं मला त्या वर्षी जेरीस आणलं होतं. प्रश्न विचारला की ती मान तिरपी करून नुसती बघत राहायची. कधी उत्तर यायचं, कधी नाही. पाढे म्हणताना सगळा वर्ग पुढं जायचा आणि ही मागचाच म्हणत बसायची. वही मात्र नेटकी. फळ्यावरचं अक्षर न् अक्षर उतरवलेलं. त्यामुळं माझा राग आणखीच वाढायचा. हुशार आहे आणि मुद्दाम करते, असा मी समज करून घेतला होता. तिची ती तिरपी मान मला उद्धटपणा वाटायची. आईवडिलांना बोलावण्याचे निरोप मी तीनचारदा पाठवले. कुणी आलं नाही. या लोकांना लेकरांच्या शिक्षणाचं काही पडलेलं नाही, असं मी सहशिक्षकांना म्हणाल्याचंही मला आठवतं. ते आठवलं की आजही बरं वाटत नाही.

श्रावण संपत आला होता. चार हाका मारूनही संगीतानं वर पाहिलं नाही, तेव्हा माझा तोल गेला. तिच्या बाकापाशी जाऊन मी ओरडले, "बहिरी आहेस का गं?"

वर्ग हसला. मधल्या सुट्टीत हौदापाशी पोरं तिला बहिरी म्हणून चिडवताना मी पाहिलं आणि नुसतं दटावून सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी संगीता आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आठवडा गेला तेव्हा माझ्या मनाला टोचणी लागली, आणि शाळा सुटल्यावर मी वस्तीच्या पलीकडच्या टोकाला त्यांच्या घरी गेले.

कडूबाई वाड्यात एका कोकराला बाटलीनं दूध पाजत होत्या. त्याची आई दगावली होती. मला पाहून त्यांनी पदर सावरला, पोतं झटकून बसायला टाकलं, पण बाटली काही बाजूला ठेवली नाही. संगीता दाराआड उभी होती. मी काय काय बोलले ते आता नीट आठवत नाही. हजेरी, परीक्षा, अभ्यास बुडतो, असलंच काहीतरी. कडूबाईंनी ते सगळं ऐकून घेतलं. कोकराचं पोट भरलं, ते उड्या मारत गेलं, मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"बाई, तुमी तिला बहिरी म्हणलात. ते खरंच हाय," त्या म्हणाल्या. "पर ठाऊक आसून म्हणलात का ठाऊक नसताना? तेवढं सांगा."

मला काही क्षण त्यांचं बोलणंच कळलं नाही. मग कळलं. मी कशीबशी म्हणाले, की मला ठाऊक नव्हतं.

मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. संगीता दोन वर्षांची असल्यापासून तिचा डावा कान वाहत होता. पावसाळा आला की जास्तच. लसूण तेलात कढवून घातलं, झाडपाला पिळला, गावातल्या डॉक्टरानं गोळ्या दिल्या, तेवढ्यापुरतं थांबायचं. डाव्या बाजूनं हाक मारली तर ती वळायचीच नाही, म्हणून घरात सगळे तिच्या उजव्या हातालाच बसायचे. मेंढीच्या कानात दुखणं झालं की ती मान तिरपी करून चरते, तशीच आपली पोर मान तिरपी करून ऐकते, हे त्यांच्या कधीचंच ध्यानात आलं होतं.

"मग हे शाळेत येऊन सांगितलं का नाही तुम्ही?" मी विचारलं.

"तुमी इचारलं कुटं? आन् मला वाटलं शाळेला ठाऊक आसंल. शिकल्याली माणसं तुमी. रोज सा तास लेकरू तुमच्यापुढं बसतंय."

या बोलण्यात टोमणा नव्हता. त्यांना खरोखरच तसं वाटलं होतं. माझे निरोप पोचले होते, पण शाळेचा निरोप म्हणजे तक्रार, आणि तक्रार ऐकायला जायचं म्हणजे चार माणसांत मान खाली घालून उभं राहायचं, एवढंच त्यांना माहीत होतं. बिभीषण लहानपणी ज्या शाळेत दोन वर्षं गेला, तिथं त्यानं दुसरं काही पाहिलंच नव्हतं.

मी संगीताला जवळ बोलावलं. तिच्या उजव्या बाजूला बसले, तिचा हात धरला आणि माझं चुकलं म्हणाले. ती लाजून आईकडं पाहू लागली. माझ्या मनावरचं ओझं उतरल्यासारखं झालं, आणि मी उठणार, तेवढ्यात कडूबाई म्हणाल्या, "बाई, हितं नका म्हणू. हितं तिला कुणी काई म्हणलं न्हाई. जिथं म्हणलात, तिथंच म्हणा."

परतीच्या वाटेवर मला त्यांचा राग आला होता, हे कबूल करते. वर्गापुढं बाईनं माफी मागायची म्हणजे काय? उद्या एकही पोर माझं ऐकणार नाही, असं वाटत होतं. लिंबाखाली टेकले तेव्हा राग निवला, आणि त्या म्हणत होत्या त्यात वावगं काहीच नव्हतं हे मला दिसलं.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर संगीता आली, बरोबर कडूबाई. चपला बाहेर काढून त्या दारातच उभ्या राहिल्या. मी वर्गापुढं सांगितलं, की संगीताला डाव्या कानानं ऐकू येत नाही, ते मला माहीत नव्हतं, माहिती करून घेणं माझं काम होतं, ते मी केलं नाही आणि उलट तिलाच बोलले. "संगीता, माझं चुकलं," मी म्हणाले. मग वस्तीतल्या छबुबाईची पोर वनमाला उठली आणि विचारू लागली, "बाई, मंग संगीतानं आता कुटं बसायचं?" त्यावरून वर्गात चर्चाच सुरू झाली. शेवटी पोरांनीच ठरवलं, की पहिल्या रांगेत डाव्या भिंतीला, म्हणजे भिंतीकडं डावा कान आणि वर्गाकडं उजवा. कडूबाई ते पाहून मेंढ्यांकडं निघून गेल्या.

दिवाळीनंतर आम्ही तिला बीडला दाखवलं. कानाच्या पडद्याला भोक होतं. औरंगाबादच्या सरकारी दवाखान्यात शस्त्रक्रिया करावी लागेल, असं डॉक्टर म्हणाले. बिभीषण तयार होईना. कानात हत्यार घालायचं, पोरीचं काही बरंवाईट झालं तर, असं त्याचं म्हणणं. कडूबाईंनी त्याला एवढंच विचारलं, की बाई आपल्याबरोबर येणार असतील तर? त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी येते म्हणाले. तीन दिवस आम्ही दोघी त्या दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून होतो. त्यांनी आणलेली बाजरीची भाकरी आणि ठेचा, मी आणलेल्या पोळ्या. त्या तीन दिवसांत त्यांनी मला मेंढ्यांबद्दल सांगितलं, मी त्यांना माझ्या सासरबद्दल. इतकं मोकळं मी त्याआधी कुणाशी बोलले नव्हते. कान पूर्ण बरा झाला नाही, पण वाहणं थांबलं आणि थोडं ऐकू येऊ लागलं.

पालकसभा मी दर महिन्याला सकाळी अकराला घ्यायचे आणि समोर रिकाम्या सतरंज्या. कडूबाईंनी मला सांगितलं, की अकराला वस्तीत म्हातारी माणसं आणि कोंबड्या असतात. दिवस कलताना सगळे जनावरं पाजायला हौदावर येतात, तिथं या. मी गेले. तेव्हापासून आमची सभा हौदावर. कडूबाईंनी तिथं आपण होऊन बाकीच्या बायांना सांगायला सुरुवात केली, की आपलं लेकरू शाळेला ठाऊक न्हाई, आपण सांगावं. मग एकेक बाहेर पडू लागलं. एक पोरगा वाटेतल्या कुत्र्याला भिऊन लांबून वळसा घालून यायचा, म्हणून रोज उशीर. एकीला घाई केली की ती बोबडं बोलायची, वेळ दिला की नाही. छबुबाई म्हणाली, तिची वनमाला गणितं मेंढ्या मोजून करते, कागदावर तिला भ्या वाटतं. मीही एक नियम केला. आधी लेकराबद्दल चांगलं सांगायचं, आणि तेही घरी जाऊन. पहिल्यांदा गेले की बाया दारात येऊन घाबरून विचारायच्या, काय झालं? काही नाही झालं, तुमच्या पोरानं आज छान वाचलं, एवढंच सांगायला आले, म्हटलं की त्यांना काय करावं सुचायचं नाही. चहा टाकायच्या.

संगीता चौथी पास झाली तेव्हा पुढची शाळा तलवाड्याला. बिभीषणचं मन नव्हतं. कडूबाई माझ्याकडं आल्या आणि म्हणाल्या, "बाई, तुमच्या शब्दावर सोडते. शिकून तिचं काय हुईल, ते सांगा."

मोठमोठ्या गोष्टी सांगायचा मोह मला झाला. पण त्यांच्यापुढं खोटं बोलवेना. मी म्हणाले, "नोकरी लागेल का, मला माहीत नाही. पुढं काय होईल तेही माहीत नाही. पण कुणी तिला फसवायला आलं तर कागद वाचून तिला कळेल. आणि ती दहावी होईतो मी इथं असेन."

त्या म्हणाल्या, "नोकरी लागंल म्हणला आसता, तर न्हाई पाठवलं आसतं."

संगीता पुढं बारावीनंतर जनावरांच्या दवाखान्याचा डिप्लोमा शिकली. आता मेंढ्यांना लशी टोचत गावोगाव फिरते. कडूबाईंच्या वाड्यात आता पंचवीसतीसच मेंढ्या उरल्या आहेत. चरायला माळ राहिला नाही, सगळीकडं कुंपणाच्या तारा आल्या. शाळेत अकरा मुलं आहेत. बाकीची पिवळ्या गाडीतून तलवाड्याला इंग्रजी शाळेत जातात. हापसा बंद पडलाय, घरोघरी नळ आलेत, त्यामुळं संध्याकाळी हौदावर कुणी येत नाही.

मागच्या महिन्यात मी गेले होते. तिथं आता विजयसिंह नावाचे तरुण गुरुजी आहेत. पालक येत नाहीत, अशी तक्रार त्यांनी माझ्यापाशी केली. मी काही उपदेश केला नाही. त्यांना घेऊन कडूबाईंच्या घरी गेले. कडूबाई थकल्या आहेत, दात गेलेत, पण आवाज तोच. गुरुजींना त्यांनी पोत्यावर बसवलं आणि विचारलं, "गुर्जी, तुमच्या वर्गातल्या लेकरांची नावं सांगा बरं."

गुरुजींनी नावं सांगितली. कडूबाई प्रत्येक नावावर थांबून ते लेकरू कुणाचं, घरात कोण आहे, त्याला काय आवडतं, कशाचं भ्या वाटतं, ते सांगत गेल्या. गुरुजींनी खिशातून वही काढली आणि लिहून घेऊ लागले. सातव्या नावापाशी चहा आला. मी भिंतीला टेकून बसले होते, आणि मला निघायची मुळीच घाई नव्हती.